आईचा खोकला

वेर्बा, सस्कॅचेवान
२० नोव्हेंबर १९७५

चि. मिरोन यास,

यारकाताईचे अ. उ. आ. वि. वि. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त थंडीने नाक गळतंय.

तुझा चित्रपट रविवारी चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. तुझ्या भावोजींनी शाळेतलं यंत्र मागून आणलं होतं. गाव झाडून सारं लोटलं, कारण आपला मिरोन टोरोंटोला जाऊन दिग्दर्शक झालाय, कॅमेराही स्वतःच चालवतो, असं आईने दारोदार सांगून ठेवलं होतं. आणि दाखवलंस काय तू? आपल्याच स्टेशनजवळचं धान्याचं कोठार! सकाळचं कोठार, दुपारचं कोठार, बर्फातलं कोठार. पन्नास मिनिटं! चर्चमध्ये गाणी सांगणारे आपले प्रोकिपकाका मध्येच उठून म्हणाले की हे तर मी रोज फुकट बघतो, शिवाय तिथे वाराही लागतो. हसून हसून मुरकुंडी वळली लोकांची. रागावू नकोस. शेवटी कोठारावर संध्याकाळचा उजेड येतो ना, तेव्हा मात्र हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढं मी मान्य करते.

आई पहिल्या रांगेत बसली होती, डोक्याला नवा रुमाल बांधून. संपल्यावर तिने मला विचारलं की ह्यात मिरोन कुठे होता. मी सांगितलं की तो कॅमेऱ्याच्या मागे असतो, दिसत नाही. तर म्हणाली, मग मी एवढा वेळ बघत काय होते?

येऊन जा एकदा. बाबा गेल्यापासून तू फक्त दोनदा आलास, आणि दोन्ही वेळा कोठाराकडे बघत बसलास.

तुझी,
यारकाताई

•

टोरोंटो
८ मार्च १९७९

ती. यारकाताईस,

मिरोनचा सा. न. वि. वि. तुझं गेल्या महिन्यातलं पत्र आलं. शिव्या पोचल्या, पोटात घातल्या.

ताई, माझं काय चाललंय ते ऐकशील तर हसशील. गेला आठवडाभर मी सुपाच्या डब्याच्या जाहिरातीवर कॅमेरामन होतो. सुपातून वाफ दिसायला हवी होती आणि ती काही दिसेना. शेवटी एक माणूस टेबलाखाली बसून नळीतून सिगारेटचा धूर सोडत होता आणि मी तो धूर टिपत होतो. ह्यावर माझं पोट चालतं. माझा स्वतःचा दुसरा चित्रपट चार वर्षं झाली तरी अर्धाच आहे. अनुदान देणाऱ्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं की विषय फारच स्थानिक आहे. म्हणजे काय? माणूस कुठेतरी राहणारच ना!

पण एक गोष्ट मी सोडलेली नाही. माझ्या स्वतःच्या चित्रपटात मी एकही दिवा लावत नाही. खिडकीतून येईल तेवढाच उजेड. तो गेला की काम बंद, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो परत येईपर्यंत थांबायचं. इथले लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत. धुराची वाफ करून पोट भरतो, निदान घरचं तरी खरं असू दे.

यंदा कापणीला नक्की येतो. आईला सांग की पिरोही करून ठेव, बटाट्याची आणि कोबीची, दोन्ही.

धाकट्या भावावर माया असू दे.

तुझा,
मिरोन

•

टोरोंटो
११ ऑगस्ट १९८४

ती. यारकाताईस,

सा. न. वि. वि. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. त्याबद्दल कान धर, पण पत्र पुरं वाचल्यावर.

मला नव्या चित्रपटासाठी मदत मिळाली आहे. थोडीच, पण मिळाली. गोष्ट आपल्याकडचीच आहे. हान्ना नावाची एक म्हातारी मरते आणि तिला पुरायच्या दिवशी तिची मुलं जमतात. संबंध चित्रपट त्या एका दिवसाचा. आता जे मागणार आहे ते ऐकून लगेच पत्र फाडू नकोस. हान्नाच्या जागी मला आई हवी आहे. तिला बोलायचं काही नाही. नदीपलीकडच्या ओसाड जुन्या चर्चमध्ये, पेटीत, डोळे मिटून पडून राहायचं. अकरा ते साडेबारा तिथल्या दक्षिणेच्या खिडकीतून जो उजेड येतो, तसा मी जगात कुठे पाहिला नाही. प्रोकिपकाका आणि गावची मंडळी नेहमीप्रमाणे ‘चिरस्मृती’ म्हणतील. एका दिवसाचं काम आहे, फार तर दोन.

नटी आणता येणार नाही, आणि आणली तरी आईचे हात कुठून आणू? त्या हातांवर कॅमेरा ठेवला की मला बाकी काही दाखवावं लागणार नाही. माझं वय बेचाळीस. हा नाही जमला तर मी जन्मभर सुपाचा धूर टिपणार.

तूच तिला विचार. माझी हिंमत होत नाही.

तुझा,
मिरोन

•

वेर्बा
२५ ऑगस्ट १९८४

चि. मिरोन यास,

अ. उ. आ. आशीर्वाद देते आहे, पण हात जड झालाय.

तुझी अक्कल कुठे चरायला गेली आहे? ‘चिरस्मृती’ मेलेल्या माणसासाठी म्हणतात, हे तुला टोरोंटोतल्या लोकांनी विसरायला लावलं का? जिवंत आईला पेटीत घालून तिच्या उशाशी ते गाणं म्हणायचं? पाद्रीबाबांना विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, मला हे माहीत नाही आणि कुणी मला सांगितलंही नाही.

मी आईला सांगणारच नव्हते. पण तुझं पत्र आलं की तिला वास लागतो. तिने वाचून घेतलं. मग मला म्हणाली, यारका, एक्याऐंशी वर्षांची झाले, पेटीत निजायची सवय केलेली काय वाईट? मी चिडले, रडले, काही उपयोग झाला नाही. तुझं नाव निघालं की तिला दुसरं काही ऐकू येत नाही.

तिची एकच अट आहे. तिने सांगितलं तसं लिहिते: मी तुझ्यासाठी मरेन, पण तू नाताळाला घरी यायचंस, जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला येणाऱ्या आपल्या नाताळाला, आणि कॅमेरा न घेता. आदल्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून बारा पदार्थ जेवायचे आणि माझ्याशी बोलायचं. हे कबूल असेल तर ये.

मला विचारशील तर येऊ नकोस. पण मला कोण विचारतंय!

यारकाताई

•

वेर्बा
२ नोव्हेंबर १९८४

चि. मिरोन यास,

आईचे अनेक आशीर्वाद. हे पत्र पोस्टातल्या ओलेनाकडून लिहून घेते आहे. यारकाला सांगू नकोस, ती नको तिथे तोंड घालते.

तू चित्रपटाचं काम उरकून गेल्यापासून घर फार मोठं झालंय. पेटी तुझ्या भावोजीने कोठीत ठेवली आहे आणि यारकाने त्यात कांदे भरले आहेत. चांगले राहतील.

प्रोकिपवर राग धरू नकोस. पहिल्या दिवशी त्याने हान्नाच्या जागी माझंच नाव घेतलं, कारण चाळीस वर्षं तो पेटीत बघतो आणि दिसेल त्याचं नाव घेतो. बायका घाबरल्या, पण मी नाही घाबरले. बरं वाटलं. आपलं नाव इतकं छान गाताना कुणाला ऐकायला मिळतं?

पण एक सांगायचंय, नाहीतर मला चैन पडणार नाही. दुसऱ्या दिवशी मी गाण्याच्या मध्येच खोकले. तिसऱ्या दिवशीही खोकले. तू म्हणालास, असू दे आई, आज उजेड गेला, उद्या परत घेऊ. मिरोन, मला खोकला नव्हता. उजेड गेला की तुला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून खोकले. चौथ्या दिवशी मात्र तुझं तोंड उतरलेलं दिसलं, मग गप्प पडून राहिले.

आणि मी डोळे पुरते मिटले नव्हते. पापणीच्या फटीतून बघत होते. तू सारखा माझ्याकडेच बघत होतास. तू शाळेत जायला लागल्यापासून इतका वेळ माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. तुझं नुकसान झालं असेल तर माफ कर.

नाताळाला लोकरीचे मोजे घालून ये. बसमध्ये पाय गारठतात.

तुझी आई,
परास्का

•

टोरोंटो
२० डिसेंबर १९८४

ती. आईस,

मिरोनचा सा. न. तुझं पत्र वाचून मी खूप हसलो. काय बिलंदर बाई आहेस! इथे मित्रमंडळींना ते वाचून दाखवलं. ध्वनी सांभाळणारा आमचा मुलगा तर रडायलाच लागला आणि म्हणाला, हे चित्रपटात घाल. मी घालणार नाही, काळजी करू नकोस.

आई, तुझं काम असं झालंय की काय सांगू. पण शेवटी मी पहिल्या दिवसाचाच तुकडा वापरतो आहे, ज्यात प्रोकिपकाकांनी तुझं नाव घेतलं तो. त्या क्षणी त्यांचा आवाज खरोखर कापला आहे. चूक आहे हे मला कळतं, पण खरं तेच आहे.

आता मुख्य गोष्ट. ह्या नाताळाला मला येता येत नाही. संकलनाची खोली सुट्टीच्या दिवसांतच रिकामी मिळते, एरवी तिथे जाहिरातवाले बसलेले असतात. ही वेळ गेली तर काम जूनपर्यंत लांबेल. पुढच्या नाताळाला येतोच, आणि शब्द दिल्याप्रमाणे कॅमेरा न घेता. तू समजून घेशील. तूच मला समजून घेतेस.

तुझा,
मिरोन

•

वेर्बा
१५ जानेवारी १९८५

चि. मिरोन यास,

अ. उ. आ. आईला लिहिलेलं तुझं पत्र सात तारखेनंतर पोचलं; तिने ते पोस्टातच वाचून घेतलं, मला दाखवलं नाही. बर्फाने टपाल अडकलं होतं. म्हणजे तू येणार नाहीस हे आम्हाला माहीत नव्हतं.

सहा तारखेच्या संध्याकाळी पहिला तारा दिसला तरी आई कुणाला जेवायला बसू देईना. खसखस-मध घातलेल्या गव्हाचं भांडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. रिकामं ताट मेलेल्यांसाठी मांडतात ना, ते मी मांडलं तर म्हणाली, अजून एक मांड, हे तुझ्या बापाचं झालं, मिरोनचं कुठाय? बस आली आणि निघून गेली. तुझे भावोजी ड्रायव्हरला विचारून आले. मग कुठे ती टेबलाशी आली आणि म्हणाली, हाताशी चांगलं काम असलं की माणसाला उठवत नाही, तुम्ही जेवा.

तुझी बाजू घेते रे ती! मला म्हणते, यारका, तू त्याच्यावर दातओठ खाऊ नकोस. मी खाते. तिने तुझ्यासाठी मरून दाखवलं, तुझ्याच्याने एक जेवण झालं नाही.

यारकाताई

•

वेर्बा
१० जानेवारी १९८६

चि. मिरोन यास,

अ. उ. आ. हाही नाताळ गेला. तू व्हँकूव्हरला कुणाच्या तरी पोलिसांच्या मालिकेवर कॅमेरा धरून आहेस असं कळलं. पोटासाठी असेल, मी त्यावर बोलत नाही.

आईला खोकला झालाय. डिसेंबरपासून आहे. रात्रभर उशाला टेकून बसते. डॉक्टरांनी छातीत पाणी झाल्याचं सांगितलं. मी भांडायला लिहीत नाही. तू ये. दोन दिवसांसाठी ये.

यारकाताई

•

टोरोंटो
२४ जानेवारी १९८६

ती. यारकाताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र व्हँकूव्हरहून फिरत इकडे आलं.

आईला खोकला? ताई, तो खोकला माझ्या चांगला ओळखीचा आहे. तिला म्हणावं, कितवा टेक हा? आणि म्हणावं, घाई करू नको, उजेड अजून गेलेला नाही. तुला ठाऊक नसेल, तिने मला गुपचूप एक पत्र लिहिलं होतं. तिलाच विचार, लाजेल. आता तूही तिच्या कटात सामील झालेली दिसतेस!

तिला बरं वाटेल अशी बातमी देतो. चित्रपट परदेशातल्या मोठ्या महोत्सवात निवडला गेला आहे. १८ फेब्रुवारीला पहिला खेळ. अकरा वर्षं मी ह्याची वाट बघतोय, ताई. तळघरांत, शाळांत, वीस-वीस माणसांसमोर चित्रपट दाखवले, आणि आता हजार माणसं आईचे हात बघणार आहेत. तिकडून परतलो की ईस्टरला थेट घरी. ह्या वेळी शंभर टक्के.

तिला मध घालून गरम दूध दे आणि माझे नमस्कार सांग.

तुझा,
मिरोन

•

टोरोंटो
१४ फेब्रुवारी १९८६
(खास माणसाहाती)

ती. यारकाताईस,

आई गेल्याचं सांगून तू फोन ठेवलास, म्हणून लिहितो. हे तुला उद्या मिळेल.

मी उद्या परदेशी निघतोय. माझ्यावाचून खेळ होत नाही. लोक प्रश्न विचारतात, दिग्दर्शक हजर लागतो. ताई, पुरायला थोडे दिवस थांबता येणार नाही का? पूर्वी जमीन गोठली की आपल्याकडे थेट बर्फ वितळेपर्यंत थांबत असत. पंचवीस तारखेपर्यंत थांबलात तर मी पोचतो. नसेलच जमत तर माझा आग्रह नाही.

पण मग एवढं कर. भावोजी शाळेतून आणतात त्या टेपरेकॉर्डरवर ‘चिरस्मृती’ उतरवून घे. यंत्र पुढच्या बाकावर ठेव, फार जवळ नको. चित्रपटात त्या जागी मागे वाऱ्याची घरघर आली आहे, पुढच्या प्रतींसाठी उपयोगी पडेल. तुला हे भयंकर वाटेल. मला दुसरं काही करता येत नाही, ताई. मला रडूसुद्धा येत नाहीये. त्या चौथ्या दिवशी मी कॅमेऱ्यामागे इतका रडलो होतो की बहुतेक माझं रडून झालंय.

तुझा,
मिरोन

•

वेर्बा
१ मार्च १९८६

मिरोन,

मायना घालायला सुचत नाही, तसंच लिहिते.

सतरा तारखेला आईला पुरलं. थांबलो नाही. तुझे भावोजी आणि चौघेजण दोन दिवस शेकोटी पेटवून जमीन सैल करत होते. टेप केली नाही. ते यंत्र मी विहिरीत टाकणार होते, पण ते शाळेचं आहे.

तुला वाटत असेल की निदान प्रसंग थाटात झाला. नाही झाला. प्रोकिपकाकांनी नीट म्हटलं, नाव नीट घेतलं. पण कुणाला रडू येईना. बायका रुमाल डोळ्यांशी नेत आणि वर माळ्याकडे, खिडक्यांकडे बघत, की मिरोनने कॅमेरा कुठे लपवलाय. शेजारच्या तेक्लाने तर माझ्या कानात विचारलं की मी बरोबर जागी उभी आहे ना. ती साधी बाई आहे, तिने मुद्दाम नाही विचारलं. आईसाठी गावाने सगळं रडून घेतलं होतं, तू तेव्हाच घेऊन गेलास ते. मीसुद्धा कोरडी उभी होते. पोटच्या मुलीला आईच्या पेटीशी रडू येऊ नये, ह्याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. दोन आठवडे थांबून लिहिते आहे.

आता तुझ्या त्या चोवीस जानेवारीच्या पत्राबद्दल. मी ते आईला वाचून दाखवलं. मला वाटलं तुझी बातमी ऐकून तिला बरं वाटेल. कितव्या टेकची ती थट्टा मी ओघात वाचून गेले. मला अर्थ माहीत नव्हता, तिला होता. ती हसली. हसता हसता तिला अशी उबळ आली की अर्धा तास श्वास बसेना. मग तिने मला सगळं सांगितलं, पोस्टातल्या ओलेनाचं, त्या दोन दिवसांचं. मी म्हटलं, मी आत्ताच फोन करते आणि त्या गाढवाला सांगते की हा खोकला खरा आहे. तिने माझा हात धरला. म्हणाली, नको यारका. दोनदा खोटं खोकले, आता तो कसा विश्वास ठेवेल? चूक माझीच आहे. त्याला त्याचं काम करू दे.

चूक तिची! दहा-बारा दिवस ती हेच धरून बसली होती. शेवटपर्यंत तोंडावर रुमाल दाबून हळू खोकायची. तू फोन केलास तर तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तू केला नाहीस.

पेपरात वाचलं की तुझ्या चित्रपटाला बक्षीस मिळालं आणि तू ते आईला अर्पण केलंस. लोक उभे राहिले म्हणे. तुझे भावोजी कात्रण कापून ठेवत होते, मी ठेवू दिलं.

ईस्टरला येतोस असं लिहिलं होतंस. ये, नाहीतर नंतर ये, नाहीतर पुढच्या वर्षी. कॅमेरा आणायचा तर आण, आता कुणाची अट नाही. किल्ली तेक्लाकडे आहे, मला हाक मारायची गरज नाही. घाई करू नकोस. इथे तुझी वाट बघणारं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे तुला आता उशीर म्हणून होणार नाही.

यारका